जड फोर्कलिफ्ट निवडताना आणि चालवताना: टन नंतर, अंतर आधी

फोर्कलिफ्टच्या काउंटरवेटवर, म्हणजे मालाला तोलणाऱ्या मागच्या वजनावर, ‘१६ टन’ असं ठसठशीत रंगवलेलं असतं. खरेदीची बोलणी, भाड्याचा दर, ऑपरेटरचा भरवसा, सगळं त्या एका आकड्याभोवती फिरतं. तो आकडा खोटा नसतो, पण अर्धाच असतो. उरलेला अर्धा डेटा प्लेटवर बारीक अक्षरात कोरलेला असतो: लोड सेंटर, म्हणजे फोर्कच्या (माल उचलणाऱ्या काटकोनी पात्यांच्या) उभ्या भागापासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर. लहान यंत्रांत हे अंतर ५०० मिमी धरतात. ८-१० टनांच्या वर, जिथून जड यंत्रांचा वर्ग साधारण सुरू होतो, तिथे कोणी ६०० मिमी धरतं, कोणी ९००, कोणी १२००. म्हणून दोन ‘१६ टनी’ यंत्रं शेजारी उभी असली तरी त्यांची ताकद एक असेलच असं नाही.

हिशेब पहारीचा आहे. पुढचा ॲक्सल हा टेकू. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला यंत्राचं स्वतःचं वजन आणि काउंटरवेट. ॲक्सलच्या मध्यापासून फोर्कच्या उभ्या भागापर्यंत ९०० मिमी अंतर आहे असं धरा. १२०० मिमी लोड सेंटरवर १६ टन म्हणजे १६ × २.१ मीटर, ३३.६ टन-मीटर. तोच १६ टन ६०० मिमीवर सांगितलेला असेल, तर १६ × १.५, फक्त २४ टन-मीटर. या दुसऱ्या यंत्राला फोर्कच्या दिशेने २.४ मीटर रुंद असलेला माल दिला, म्हणजे गुरुत्वमध्य १२०० मिमीवर गेला, की ते २४ भागिले २.१, जेमतेम ११.४ टन पेलतं. नाव १६ टनांचंच, आणि साडेचार टन गायब.

पहिलं यंत्रही सुटत नाही. माल आणखी ३०० मिमी पुढे गेला, म्हणजे लोड सेंटर १५०० झालं, की ३३.६ भागिले २.४ करून १४ टन उरतात. १८०० मिमीवर साडेबारासुद्धा नाहीत. हा हिशेब उलटा मात्र लावू नका. ६०० मिमीवर कागदावर २२.४ टन येतात म्हणून तेवढे उचलायला जाऊ नये. जवळच्या अंतरावर मर्यादा उलटण्याची नसते, ती फोर्क, चेन, मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा) आणि हायड्रॉलिक दाबाची असते, आणि ती या गुणाकारात कुठेच दिसत नाही. हा हिशेब अंदाजासाठी आणि विक्रेत्याला नेमका प्रश्न विचारण्यासाठी. उचलायचं ते डेटा प्लेटवरच्या तक्त्यानुसारच.

पुढे जोडलेलं प्रत्येक उपकरण हाच हिशेब बिघडवतं. क्लॅम्प (माल दाबून धरणारा), रोटेटर (माल फिरवणारा) किंवा कॉइलचा रॅम (पत्र्याच्या गुंडाळीच्या भोकात शिरणारा जाड दांडा) लावला की दोन गोष्टी एकदम होतात: उपकरणाचं वजन टेकूच्या पुढे लोंबतं आणि माल त्याच्या जाडीइतका पुढे सरकतो. फोर्कपेक्षा १.२ टन जास्त वजनाचं उपकरण माल २५० मिमी पुढे ढकलत असेल, तर वरच्या १२०० मिमीच्या यंत्राचे १६ टन साधारण साडेतेरावर येतात. म्हणून उपकरण बदललं की त्या उपकरणासह नवी प्लेट हवी, आणि ती यंत्राच्या उत्पादकाच्या मान्यतेची हवी. उपकरण बनवणाऱ्याच्या प्लेटवर फक्त त्या उपकरणाची ताकद लिहिलेली असते, यंत्राची नाही. यार्डात सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

कुठल्या मालाला कुठलं यंत्र

निवड यंत्रापासून नको, मालापासून सुरू करा. वर्षभरात उचलायच्या मालांपैकी सगळ्यात जड कोणता आणि सगळ्यात रुंद कोणता, हे दोन्ही लिहून काढा. बहुतेक वेळा ते दोन वेगळे माल निघतात, आणि यंत्राचा आकार जडापेक्षा रुंद माल ठरवतो. वजन माहीत नसेल तर काढता येतं. पोलादाचं घनमीटरला ७.८५ टन, ग्रॅनाइटचं साधारण २.७ टन धरा. २.८ × १.६ × १.५ मीटरचा ग्रॅनाइटचा ठोकळा १८ टन भरतो. नजरेने पाहणारा तो दहा-बाराचा सांगेल.

सर्वसाधारण जड कामाला डिझेलवर चालणारी, हवा भरलेल्या टायरची काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट. पोलादाचे स्लॅब, लाकडाचे ओंडके, काँक्रीटचे पाइप, यंत्रसामग्री अशा मिश्र कामाला हिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. हिला साइड शिफ्ट (फोर्क आडवे सरकवणारं) आणि हायड्रॉलिक फोर्क पोझिशनर (दोन फोर्कमधलं अंतर बदलणारं) घ्याच. २४०० मिमी लांब, २५० रुंद आणि १०० मिमी जाड फोर्कचं नुसतं आडवं पातं पावणेपाचशे किलोच्या आसपास भरतं. ते पहारीने ढकलून अंतर जुळवायला लावलं की माणसांची बोटं सापडतात. फोर्क दांड्यावर अडकवलेले आहेत की हुकावर, हेही बघा. जड यंत्रांत गोल दांड्यावरचे फोर्क जास्त असतात. ते थोडे झुलतात, त्यामुळे असमान जमिनीवर मालाखाली नीट बसतात.

कॉइलसाठी फोर्क नको, रॅम हवा. फोर्कवर ठेवलेली कॉइल हा गोल माल दोन पट्ट्यांवर तोललेला असतो, ब्रेक दाबला की तो चालता होतो. १.८ मीटर व्यासाची, १.२५ मीटर रुंदीची, ६१० मिमी भोकाची पोलादी कॉइल सुमारे २२ टन भरते, पण तिचं लोड सेंटर रुंदीच्या निम्मं, म्हणजे ६२५ मिमीच्या आसपासच पडतं. त्यामुळे कॉइलच्या कामाला १२०० मिमीवर मोजलेलं अवाढव्य यंत्र लागत नाही, ६०० किंवा ९०० मिमीचं आटोपशीर यंत्र चालतं आणि ते आतल्या वाटांत वळतंही. रॅमची लांबी कॉइलच्या पलीकडच्या कडेपर्यंत पुरावी. आखूड पडला तर आतले वेढे दबून माल खराब होतो, आणि फार लांब असला तर मागच्या कॉइलच्या अंगावर ओरखडा उठतो.

कंटेनरचं काम वेगळंच. रिकाम्या कंटेनरसाठी ८ ते १० टनांची, उंच मास्टची, बाजूच्या स्प्रेडरची (कंटेनर धरणाऱ्या चौकटीची) एम्प्टी हँडलर येते. ती कंटेनर वरच्या कोपऱ्यांत धरते आणि सात-आठ थर रचते. तिथे वजन हा प्रश्न नसतो, वारा असतो. ४० फुटी कंटेनरची एक बाजू ३१ चौरस मीटरांहून मोठी आहे, म्हणजे मास्टच्या टोकाला बांधलेलं शीडच. उत्पादकाने दिलेली वाऱ्याची मर्यादा केबिनमध्ये लावलेली असावी आणि यार्डात वारा मोजायचं साधन असावं. भरलेल्या कंटेनरसाठी रीच स्टॅकर. तिचा बूम (उचलणारा लांब हात) पुढे सरकतो, त्यामुळे पहिल्या रांगेच्या मागची दुसरी रांगही गाठता येते, पण तिथे क्षमता बरीच उतरते. पहिल्या रांगेत ४५ टन उचलणारी असली तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेचे आकडे स्वतंत्र वाचायचे.

काही २० फुटी कंटेनरना खाली फोर्कचे कप्पे असतात. कंटेनर २४३८ मिमी रुंद, तेव्हा फोर्क जवळजवळ पूर्ण रुंदीभर आत गेले पाहिजेत. अर्ध्यातच थांबलेला फोर्क तळाची पट्टी वाकवतो. ४० फुटी कंटेनरना सहसा असे कप्पे नसतात, ते फोर्कने खालून उचलायच्या भानगडीत पडू नये. समुद्रमार्गे जाणाऱ्या भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन जहाजावर चढवण्याआधी कळवणं १ जुलै २०१६ पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बंधनकारक आहे. तो आकडा ऑपरेटरपर्यंत पोचवा. त्याहून महत्त्वाचं, वजन एका टोकाला भरलेलं नाही ना, हे विचारा. एकूण वजन बरोबर असूनही माल एका बाजूला कलू शकतो.

खाणीतल्या दगडी ठोकळ्यांना व्हील लोडरला फोर्क जोडलेलं ब्लॉक हँडलर, कारण तिथे उचलण्याइतकंच उचकटण्याचंही काम असतं. लांब पाइप आणि लाकूड अरुंद वाटेतून न्यायचं असेल तर साइडलोडर: माल कडेने उचलून स्वतःच्या पाठीवर ठेवते आणि त्याच्या लांबीच्या दिशेने चालते. जहाजाच्या पोटात शिरायला कमी उंचीची रोरो (चाकांवर थेट जहाजात जाणारी) फोर्कलिफ्ट. साचे आणि यंत्रं हलवायला भरीव टायरची, बुटकी पण वजनदार यंत्रं असतात. ती फक्त पक्क्या सपाट फरशीवरच चालवायची.

बॅटरीवरच्या जड फोर्कलिफ्टही आता १५ टनांच्या पुढे मिळतात. बंद शेडमध्ये पाळ्या ठरलेल्या असतील तर त्या उत्तम. मात्र आधी चार्जरला लागणारी वीज जागेवर आहे का ते बघा, यंत्र मग. आणि चढ किती, हेही सांगा, कारण चढावर बॅटरी सपाटीच्या कितीतरी पट वेगाने उतरते.

जमीन

हा भाग खरेदीच्या कागदांत कधीच नसतो, आणि यंत्र आल्यावर आधी फरशीच तडकते. १६ टनी यंत्राचं स्वतःचं वजन २४ टन धरा. मालासकट ४० टन. त्यातले साधारण ९० टक्के, म्हणजे ३६ टन, पुढच्या एका ॲक्सलवर येतात. रस्त्यावरच्या मालवाहू ट्रकच्या एका ॲक्सलला बहुतेक देशांत १० टनांच्या आसपास मुभा असते, त्यावरून अंदाज घ्या. पुढे चार टायर असले तर प्रत्येकावर ९ टन, आणि टायरमध्ये १० बार हवा असेल तर तो भार सुमारे ३० × ३० सेंमीच्या ठशावर पडतो.

म्हणून फरशी बनवणाऱ्याला ‘चौरस मीटरला इतके टन’ एवढंच सांगून भागत नाही. ॲक्सलवरचा भार, टायरमधलं अंतर आणि टायरचा दाब हे तिन्ही आकडे द्या. गटारांची झाकणं, केबलचे चर, डॉकच्या फळ्या, वजनकाट्याचा प्लॅटफॉर्म या जागा नकाशावर खुणा करून यंत्राला बंद करा. झाकण रिकाम्या यंत्राला महिनोन्‌महिने पेलतं आणि पहिल्या भरलेल्या फेरीत खाली जातं. कारण साधं आहे: रिकाम्या यंत्राचा बराच भार मागच्या चाकांवर असतो, माल उचलताच तो पुढे येतो.

वाटेची रुंदी काढायला यंत्राची वळण-त्रिज्या, पुढच्या ॲक्सलपासून फोर्कपर्यंतचं अंतर, मालाची फोर्कच्या दिशेची लांबी आणि वर २०० मिमी, अशी बेरीज करतात. जड यंत्राला ते २०० मिमी अपुरे पडतात, अर्धा मीटर ठेवा. माल फारच रुंद असेल तर ही बेरीज कमी पडते, तिथे जमिनीवर खडूने आखून रिकामं यंत्र फिरवून बघावं.

जमीन सपाट का हवी, हे एका चाचणीवरून कळतं. आयएसओ २२९१५ या आंतरराष्ट्रीय मानक मालिकेतल्या चाचणीत यंत्र कलत्या मंचावर ठेवतात. ५ टन आणि त्यापुढच्या काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टने पूर्ण माल पूर्ण उंचीवर घेऊन पुढच्या दिशेला ३.५ टक्के कल सोसायचा असतो. ३.५ टक्के म्हणजे जेमतेम २ अंश. चार मीटर अंतराच्या चाकांत पुढची चाकं मागच्यांपेक्षा १४ सेंमी खाली गेली की तेवढा कल झाला. पावसानंतर मऊ पडलेल्या मुरमाच्या यार्डात १४ सेंमी खचायला वेळ लागत नाही. माल वर असताना हाताशी एवढीच गुंजाईश आहे, हे ऑपरेटरला एकदा फूटपट्टीवर मोजून दाखवा.

उचलताना

समोरून सरळ या. मास्ट उभा करा, फोर्क मालाच्या रुंदीला साजेसे फाकवा, आणि मालाच्या किमान दोन तृतीयांश लांबीइतके आत घाला. माल फोर्कच्या उभ्या भागाला टेकला पाहिजे. मध्ये १५० मिमी फट राहिली तर लोड सेंटर तेवढंच वाढलं, मागचा सगळा हिशेब पुन्हा करावा लागेल.

मग फक्त ५ सेंमी उचला आणि थांबा. या थांब्यात सगळं कळतं. मागची चाकं हलकी वाटतात का, स्टिअरिंग अचानक मोकळं झालं का, माल एका बाजूला झुकतोय का, केबिनमधला वजनदर्शक काय म्हणतो. स्टिअरिंग हलकं झालं असेल तर माल खाली ठेवा. काउंटरवेटवर माणूस बसवून किंवा लोखंड बांधून काम उरकणं म्हणजे फोर्क आणि चेनवर त्यांच्या मर्यादेपलीकडचा भार टाकणं. यंत्र उलटत नाही म्हणून ते सुरक्षित आहे असं होत नाही.

सगळं ठीक असेल तर मास्ट मागे झुकवा आणि माल जमिनीपासून साधारण ३० सेंमीवर ठेवून चला. समोरचं दिसत नसेल तर उलटं चालवा. चढ-उतारावर मात्र भरलेलं यंत्र नेहमी माल चढाच्या बाजूला ठेवूनच: चढताना पुढे, उतरताना मागे. उतारावर वळायचं नाही, आडवं तर अजिबात नाही. चढताना समोर दिसत नसेल तर खाली-वर सिग्नलमन उभा करा, दिशा बदलू नका. आणि मागची चाकं वळतात हे पायी चालणाऱ्यांना ठाऊक नसतं. पुढचं टोक उजवीकडे वळतं तेव्हा काउंटरवेट डावीकडे झपाट्याने बाहेर येतं, शेजारून चालणारा तिथेच असतो. चालत्या यंत्राभोवती माणूस नकोच, ही सोपी आणि एकमेव टिकणारी व्यवस्था.

रचताना मास्ट पुढे झुकवायचा तो माल थराच्या वर पोचल्यावरच, तोही सावकाश. यंत्र उलटू लागलंच तर उडी मारायची नाही. पट्टा लावलेला असावा, पाय रोवावेत, स्टिअरिंग घट्ट धरावं आणि ज्या बाजूला यंत्र पडतंय त्याच्या उलट बाजूला झुकावं. उडी मारणारा नेमका पडणाऱ्या सांगाड्याखाली सापडतो.

काय झिजतं, कसं मोजायचं

फोर्क टाचेत झिजतात, म्हणजे जिथे पातं उभ्या भागाला मिळतं तिथे, कारण ते जमिनीला घासतात. कॅलिपरने उभ्या भागाची जाडी मोजा, तिथे झीज होत नाही, मग टाचेची. १०० मिमीचा फोर्क टाचेत ९० झाला की काढून टाकायचा. दहाच टक्के झीज वाटते, पण वाकण्याची ताकद जाडीच्या वर्गावर असते: ०.९ गुणिले ०.९, ०.८१. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. दोन्ही फोर्कच्या टोकांच्या उंचीत पात्याच्या लांबीच्या ३ टक्क्यांहून जास्त फरक नको. २४०० मिमीला ७२ मिमी. टाचेला तडा आहे का हे वर्षातून निदान एकदा, जोरात काम असेल तर त्याहून लवकर, डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो उठून दाखवणारा रंग) लावून बघा. तडा वेल्डिंग करून बुजवायचा नाही. फोर्कचं पोलाद उष्णतासंस्कार केलेलं असतं, वेल्डिंगची उष्णता नेमकी तिथेच ते कमकुवत करते.

चेन लांबते, तुटण्याच्या खूप आधी. ३८.१ मिमी पिचच्या (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) चेनचे २० पिच मोजले तर नवी ७६२ मिमी भरते. ७८५ झाली की ३ टक्के लांबली, बदला. उत्पादकाने २ टक्के सांगितले असतील तर तेच पाळा. मोजायचं ते पुलीवरून रोज जाणाऱ्या भागात. टोकाजवळची चेन वळतच नाही, ती नेहमी नवीच दिसते. आणि दोन्ही चेन एकदम बदलायच्या, नाहीतर नवीवर जास्त ताण येतो आणि कॅरेज (फोर्क बसवलेली, मास्टवर सरकणारी चौकट) वाकडी चालते.

हायड्रॉलिक होजमधून गळती शोधायला हात फिरवू नका. बारीक छिद्रातून उच्च दाबाने येणारं तेल कातडीत शिरतं. आधी ते टाचणी टोचल्यासारखं वाटतं, पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची जखम असते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधा. उचललेल्या कॅरेजखाली काम करायचं तर मास्टला यांत्रिक आधार लावून, नुसत्या सिलिंडरच्या भरवशावर नाही.

ट्रान्समिशनचं तेल काळं पडून करपल्याचा वास येत असेल तर आधी ऑपरेटरची सवय बघा. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर यंत्र तोलून धरलं की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून पुढे देणारा भाग) तापत राहतो. नव्या डिझेल इंजिनांत तासन्‌तास नुसतं चालू ठेवल्याने काजळीचा फिल्टर तुंबतो. तो स्वच्छ व्हायला इंजिन नीट तापावं लागतं, म्हणून बसून असताना बंद करा आणि रिजनरेशनचा, म्हणजे साठलेली काजळी जाळण्याचा, दिवा लागला की ते अर्ध्यात तोडू नका.

चाकांना हात लावताना मात्र घाई कधीच नको. जड फोर्कलिफ्टचे रिम बहुतेक वेळा अनेक भागांचे असतात: मूळ रिम, बाजूचं कडं आणि त्याला धरून ठेवणारं लॉक रिंग. आत १० बार हवा. दुहेरी चाकांत तर चाक हबला धरणारे नट सैल करताच आतल्या हवेने तडकलेला रिम फाकू शकतो आणि कडं गोळीसारखं सुटतं. म्हणून यंत्र जॅकवर घेऊन खाली भक्कम ठोकळे लावल्यावर, एकही नट सैल करण्याआधी, व्हॉल्व्हचा कोअर (आतली हवा अडवणारी पिन) काढून हवा पूर्ण सोडा. दुहेरी असतील तर दोन्ही चाकांची. व्हॉल्व्हमध्ये तार घालून तो तुंबलेला नाही याची खात्री करा. परत भरताना टायर पिंजऱ्यात ठेवा, लांब होज आणि क्लिपचं चक (व्हॉल्व्हवर आपोआप अडकून राहणारं तोंड) लावा, आणि चाकासमोर नाही, बाजूला उभे राहा. बराच काळ कमी हवेवर चाललेला टायर जागेवर हवा मारून पुन्हा वापरात आणू नका. तो उतरवून आतून तपासल्याशिवाय त्यात हवा भरायची नाही.